महाराजांची वळकटी

भारतीय माणूस प्रवासाला निघताना घर मागे ठेवत नाही, जमेल तेवढे बरोबर घेतो, या सिद्धान्ताचे सर्वांत अवजड पुरावे नवी दिल्लीच्या चाणक्यपुरी भागात, परदेशी वकिलातींच्या शेजारी, सुमारे ११ एकरांच्या आवारात रुळांवर उभे आहेत. १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय कागदोपत्री संग्रहालय असले, तरी त्याचा बराचसा भाग उघड्यावर, झाडे, हिरवळ आणि पाऊलवाटा यांच्यामध्ये पसरलेला असल्यामुळे दिल्लीकर कुटुंबे त्याला बागच समजतात, आणि रविवारी दुपारी तेथे इतिहासाच्या अभ्यासकांपेक्षा बाबागाड्यांची संख्या अधिक भरते. या आवारात वाफेची इंजिने आहेत, मालडबे आहेत, १९१४ सालचा आगीचा बंबही आहे. परंतु प्रस्तुत विवेचनाचा विषय तेथील सलुने हा आहे. सलून म्हणजे राजा, व्हाइसरॉय किंवा रेल्वेचा बडा अधिकारी अशा एकाच व्यक्तीच्या दिमतीला दिलेला खासगी डबा, ज्यात बैठकीची खोली, शेजघर, न्हाणीघर आणि नोकरांची जागा एवढा सारा संसार दोन टोकांच्या बफरांमध्ये, म्हणजे धक्के झेलण्यासाठी लावलेल्या लोखंडी तबकड्यांमध्ये, कोंबलेला असे. ज्याला घराबाहेर पडणे भाग आहे पण घर सोडणे मान्य नाही, अशा माणसाची ती सोय होती.

या बागेत प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यासाठी १८७५ साली बांधलेले सलून आहे, बडोद्याच्या गायकवाडांचे १८८६ सालचे आहे, म्हैसूरच्या महाराजांचे १८९९ सालचे आहे, इंदूरच्या होळकरांचेही आहे. हयातीत या मंडळींची आपापसांतली प्रतिष्ठा तोफांच्या सलामीवरून ठरत असे, म्हणजे संस्थानिकाच्या आगमनाला किती तोफा उडवायच्या याचा तक्ता इंग्रज सरकारने तयार ठेवलेला होता; त्यात बडोदा आणि म्हैसूर यांना २१, तर इंदूरला १९ तोफा होत्या, आणि त्या दोन तोफांच्या फरकापायी किती अर्जविनंत्या झाल्या असतील याची कल्पना सरकारी नोकरीत ज्येष्ठतायादी वाचलेल्या कोणालाही करता येईल. बागेतली ज्येष्ठता मात्र निराळ्या नियमाने ठरते. ज्या सलुनाची सावली दुपारी लांब पडते, ज्याच्याजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ आहे आणि जेथून स्वच्छतागृह दृष्टिपथात राहते, ते सलून त्या दिवसापुरते सार्वभौम होय. त्याच्या पायऱ्यांशी चपलांचा ढीग पडतो, तर उन्हात उभ्या असलेल्या अधिक तोफांच्या धन्याकडे एखादा चुकार छायाचित्रकारच काय तो फिरकतो.

जुना डबा प्रदर्शनात मांडण्याजोगा करणे हे नाजूक शास्त्र आहे. त्याचा सर्वमान्य नियम असा, की मूळचे लाकूड, पितळ आणि कापड शक्य तेवढे राखावे, कुजलेल्या जागी नवा तुकडा घालावाच लागला तर जाणकाराला तो वेगळा ओळखता यावा, आणि वस्तूच्या अंगावरचे वय पुसून टाकू नये. हा नियम भारतीय लोकमताच्या थेट विरुद्ध जातो. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटले की हेमाडपंती दगडाला ऑइलपेंट, गाभाऱ्याला चकचकीत फरशी आणि दात्यांच्या नावांची पाटी एवढ्या गोष्टी गृहीत असतात, आणि त्यामुळे म्हैसूरच्या सलुनाचे सागवान आणि त्यावरचे सोन्याचे व हस्तिदंताचे काम पाहून प्रेक्षक जी मनापासूनची दाद देतो, ती ‘अगदी नव्यासारखं ठेवलंय हो’ ही असते. संवर्धकाच्या व्यवसायात याहून कठोर टीका नाही.

सलुनांचे दरवाजे सहसा बंद असतात आणि वैभव खिडकीच्या काचेतून पाहावे लागते. यासाठी दोन्ही तळहात कपाळाच्या बाजूंना लावून त्यांची झापडे करायची आणि चेहरा काचेला टेकवायचा अशी रीत रूढ आहे. तरीही प्रथम दिसते ते स्वतःचेच नाक, त्यानंतर मागे उभ्या असलेल्या मेहुण्याचा गॉगल, आणि डोळे सरावल्यानंतर कोठे अंधारातून पलंगाची कड किंवा खुर्चीची पाठ उगवते. या डब्यांच्या खिडक्यांना झडपा आणि पडदे बसवले गेले ते बाहेरची नजर आत येऊ नये म्हणून. ज्या स्थानकांवर ते थांबत तेथे फलाटावरची माणसे दूर सारली जात. आज त्यांच्याकडे उरलेले एकमेव काम डोकावू देण्याचे आहे. म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात, जे दिल्लीनंतर दोन वर्षांनी १९७९ साली सुरू झाले, महाराणींचे १८९९ सालचे सलून मुदपाकखाना आणि न्हाणीघरासह ठेवलेले आहे, आणि राणीवशाचा पडदा राखण्यासाठी केलेल्या त्या बंदोबस्ताची पाहणी आता शालेय सहलींतली मुले रांगेने, शिक्षकांच्या शिट्टीवर करतात.

प्रेक्षक काय पाहतात याचा क्रमही ठरलेला आहे. पलंगाकडे आदराने पाहिले जाते, छताकडे कोणी सांगितल्यावर पाहिले जाते, आणि मग अपरिहार्यपणे प्रश्न येतो तो न्हाणीघर कोठे आहे हा. या कुतूहलाला अभिरुचीची उणीव समजणे अन्यायाचे होईल, कारण या देशात रेल्वेचा सामाजिक इतिहास लिहायचा तर तो तेथूनच सुरू करावा लागतो. राजाच्या डब्यात टब होता त्या काळात खालच्या वर्गाच्या कितीतरी डब्यांत शौचकूपच नसे, आणि गाडी स्थानकावर थांबेल तेवढ्या वेळात प्रवाशाने उतरून निसर्गाचे देणे भागवावे अशी अपेक्षा असे. ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी १९०९ साली साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला लिहिलेले पत्र याच दिल्लीच्या संग्रहालयात मांडलेले आहे. फणस अधिक झाल्यामुळे ते अहमदपूर स्थानकावर उतरले, इकडे गार्डने शिट्टी दिली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर सावरत धावताना ते फलाटावर पडून समस्त स्त्रीपुरुषांसमोर त्यांची शोभा झाली, असा त्या पत्राचा आशय आहे. शेवटी गार्डला मोठा दंड करण्याची मागणी आणि तसे न झाल्यास वर्तमानपत्रांत बोभाटा करण्याची धमकी आहे. या पत्रामुळेच पुढे डब्यांत शौचालये आली असे पुष्कळदा सांगितले जाते. एवढी मोठी सुधारणा एकट्या फणसाच्या खात्यावर मांडताना इतिहासकाराने सबुरी बाळगावी हे खरे, परंतु कोकणातल्या वाचकाला त्यात अशक्य असे काही वाटणार नाही.

राजाचे सलून आणि रयतेचा डबा यांच्यातली ही दरी पाहून प्रेक्षकाने संतापावे, निदान खिन्न व्हावे, अशी अपेक्षा करता येईल. पण प्रत्यक्षात बागेतला सामान्य प्रेक्षक महाराजांविषयी विलक्षण आपुलकी दाखवतो, आणि त्याचे कारण असे दिसते की त्याला तेथे आपलाच स्वभाव मोठ्या मापात पाहायला मिळतो. मराठी मध्यमवर्गाच्या प्रवासाचे मुख्य साधन दीर्घकाळ रेल्वे नसून वळकटी हे होते. वळकटी म्हणजे सतरंजीत गादी, उशी, चादर आणि ऐनवेळी सापडलेली प्रत्येक मऊ वस्तू गुंडाळून, गुडघ्याने दाबून पट्ट्याने आवळलेले शेजघर होय. तिच्या जोडीला फिरकीचा तांब्या हे पाणीपुरवठा खाते आणि दशम्या, धपाटे, लसणीची चटणी, मेतकूट यांचा डबा हा मुदपाकखाना असे. गाडी कल्याण सोडून कर्जतला पोहोचेपर्यंत बाकावर देवघर वगळता सारे घर मांडून झालेले असे, आणि नव्याने चढलेल्या प्रवाशाला आपण डब्यात नव्हे तर कोणाच्या तरी माजघरात शिरलो आहोत असा संकोच वाटे. महाराजांनी याहून वेगळे काही केले नाही. त्यांची वळकटी बांधायला सुतार लागले आणि ती उचलायला इंजिन लागले, एवढेच.

ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटत असल्यास जयपूरच्या सवाई माधोसिंहांचे उदाहरण पुरेसे आहे. ज्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ चे सलून बांधले गेले, तोच पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला आणि १९०२ साली त्याच्या राज्याभिषेकासाठी माधोसिंह विलायतेला निघाले, तेव्हा परमुलखातले पाणी पोटात जाऊ नये म्हणून त्यांनी चांदीचे प्रचंड रांजण भरून गंगाजल बरोबर नेले; जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्या रांजणांत प्रत्येकी सुमारे ४,००० लिटर पाणी मावते. फिरकीच्या तांब्यात आणि त्यांत तत्त्वाचा फरक नाही, धातूचा आणि हमालांच्या संख्येचा आहे.

सलुनाच्या वैभवाला एक मोठी खोट होती, जी बागेतल्या माहितीफलकांवरून सहसा लक्षात येत नाही: त्याला स्वतःचे इंजिन नसे. खास गाडी सोडली नाही तर ते नेहमीच्या मेल गाडीला जोडावे लागे, आणि जंक्शनवर शंटिंग करून, म्हणजे इंजिनाने मागेपुढे ढकलत एका गाडीतून सोडवून, साइडिंगला, म्हणजे मुख्य मार्गाच्या बगलेतल्या रुळावर, लावून ठेवावे लागे. तेथे पुढची गाडी येईपर्यंत सोन्याचे छत, हस्तिदंताची नक्षी आणि त्यांचे धनी असे सर्वजण कोळशाच्या ढिगाशेजारी वाट पाहत उभे राहत. मेलला चार तास उशीर झाला की महाराजांनाही चार तासच उशीर होई. त्यात भर म्हणून भारतात रुळांची रुंदी एकसारखी नव्हती. ब्रॉडगेज म्हणजे १,६७६ मिलिमीटर अंतरावरचे रूळ आणि मीटरगेज म्हणजे १,००० मिलिमीटर अंतरावरचे, आणि एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नाही; त्यामुळे गेज बदलले की सामान्य प्रवासी बोचकी घेऊन फलाट ओलांडून पलीकडच्या गाडीत बसे आणि मार्गस्थ होई, तर ज्याने घरच बरोबर आणले होते त्याच्यासमोर घर अलीकडेच सोडायचे, की त्याच्या खालची चाके बदलण्याची खटपट करायची, असा पेच उभा राही.

रेल्वेच्या या वेडात मराठी संस्थानिकांचा वाटा अभिमान बाळगण्याजोगा आहे. खंडेराव गायकवाडांनी १८६२ साली डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा नॅरोगेज मार्ग टाकला, जो भारतातला या प्रकारचा पहिला. मात्र त्यावरून सुरुवातीला गाडी ओढली ती बैलांनी. रूळ आधुनिक, डबा आधुनिक, आणि पुढे वाटेतला चारा पाहून वेग ठरवणारी जोडी, ही रचना आज विनोदी वाटली तरी तिला सिग्नलची गरज नव्हती आणि ती कोळशाच्या टंचाईने कधी बंद पडली नसती, हे तटस्थपणे नमूद केले पाहिजे.

इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांची गोष्ट अर्थशास्त्राच्या अंगाने जाते. आपल्या राजधानीला खांडव्याहून रेल्वे यावी म्हणून त्यांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, दर साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षे. ज्या काळात हिंदुस्थानातले बहुतेक सारे इंग्रजांचे देणे लागत होते, त्या काळात एका मराठी माणसाने त्यांनाच व्याजाने पैसे द्यावे ही घटना मुळातच सुखावणारी आहे. पण शंभराची मुदत न घालता तीवर एक वर्ष वाढवून देणे, यात लग्नाच्या आहेराच्या पाकिटाचा जो संस्कार दिसतो, त्यावरून दस्तऐवजावरची सही झाकली तरी ऋणको कोण आणि धनको कोण हे ओळखता यावे. १८७० पासून मोजले तर ही मुदत १९७१ साली भरते. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले आणि त्याच वर्षी दिल्लीच्या या संग्रहालयाची कोनशिला बसली. राजे ज्या वर्षी पूर्णपणे माजी झाले त्या वर्षी त्यांच्या डब्यांसाठी जागा पक्की व्हावी, याला योगायोग म्हणावे की रेल्वेच्या वेळापत्रकाने एकदाच पाळलेली वेळ म्हणावे, हे ठरवणे अवघड आहे. होळकरांच्या राजवाड्यांपैकी बर्लिनच्या एकार्ट मुथेसियस या वास्तुविशारदाने बांधलेल्या माणिकबागेत पुढे अबकारी खात्याचे कार्यालय आले. त्या मानाने सलुनाला बाग मिळाली हे त्याचे भाग्यच.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी तर रेल्वे थेट जेवणघरात आणली. जयविलास राजवाड्यातल्या लांबलचक मेजावर चांदीची छोटी आगगाडी रुळांवरून फिरते आणि पाहुण्यांसमोर ब्रँडी व सिगार नेते. एखाद्याने तिच्यातला सुरईवजा चषक उचलला की ती जागच्या जागी थांबते आणि तो परत ठेवला की पुढे चालू लागते. ज्यांनी मराठी पंगतीत जिलबीवाल्या वाढप्याला तीनदा हाका मारल्या आहेत आणि तरीही त्याला मान न वळवता शेजारच्या रांगेत नाहीसे होताना पाहिले आहे, त्यांना या यंत्रामागची प्रेरणा सांगावी लागणार नाही.

भोजनाचा विषय निघाला म्हणून याच बागेतल्या व्हाइसरॉयच्या १८८९ सालच्या भोजनडब्याचा उल्लेख आवश्यक आहे. त्या काळच्या भारतीय गाड्यांत एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची आतून वाट सहसा नसे, त्यामुळे भोजनडबा असलेल्या गाडीत सर्वसाधारण साहेबाला एका स्थानकावर उतरून त्या डब्यात शिरावे लागे आणि पुढचे स्थानक येईपर्यंत, भूक संपली तरी, तेथेच बसून राहावे लागे. साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता ही गोष्ट वेगळी. पुडिंग संपल्यावर उठून जाण्याची मुभा मात्र इंजिन ड्रायव्हरच्या हाती होती.

महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्या सहलींच्या धावत्या कार्यक्रमात कुतुबमिनार आणि लाल किल्ला यांच्यापुढे या संग्रहालयाचा टिकाव लागत नाही, परंतु नातवंडे बरोबर असतील तर एखादी दुपार त्याच्या वाट्याला येते, आणि मग गायकवाडांच्या सलुनापाशी एक विशिष्ट गर्दी जमते. बडोद्यात मावशी असलेली व्यक्ती प्रत्येक मराठी गटात निघतेच, आणि ती तत्काळ यजमानाची भूमिका स्वीकारते. गटात नाशिक जिल्ह्यातले कोणी असेल तर त्याचा हक्क त्याहून वरचा ठरतो, कारण ज्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत हे सलून बांधले गेले ते मूळचे मालेगावजवळच्या कवळाणे गावचे गोपाळराव, आणि १८७५ साली दत्तकविधान होऊन वयाच्या बाराव्या वर्षी गादीवर बसले. तेव्हा ‘हे आपल्या कवळाण्याचे’ असे म्हणत डब्याच्या लाकडावर, ‘हात लावू नये’ या पाटीच्या बरोबर खाली, प्रेमाने थाप मारली जाते. ‘अहो, पाटी वाचा ना,’ असे पत्नीने म्हटल्यावर ‘ती बाहेरच्यांना’ हे उत्तर येते. त्यानंतर छायाचित्र. त्यात माणसे सात, डब्याचे एक चाक.

सलून ही वस्तू इतिहासजमा झाली असे मात्र समजू नये. रेल्वेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची तपासणीची सलुने चालत राहिली, आणि ३० मार्च २०१८ रोजी रेल्वेच्या आयआरसीटीसी या कंपनीने असे सलून प्रथमच सामान्य ग्राहकांना भाड्याने दिले: सहा जणांचा एक गट त्यातून जुन्या दिल्लीहून वैष्णोदेवीच्या कटऱ्याला गेला, आणि सलून जोडले गेले ते, परंपरेला धरून, नेहमीच्या मेल गाडीला. न्हाणीघरांसह दोन शेजघरे, बसायची खोली आणि स्वयंपाकघर अशी त्याची रचना असते. या सोयीचा मराठी कुटुंबाने लाभ घेतला तर काय होईल याचा अंदाज बांधण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. डब्यात स्वयंपाकघर आणि आचारी आहे हे कळल्यावरही तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बरोबर घेतला जाईल, प्रवासात बाहेरचे नको या तत्त्वावर. दोन्ही शेजघरांचे पलंग पाहून झाल्यावर आजी स्वतःची चादर वरून अंथरतील. आणि संपूर्ण डबा आपलाच असूनही रात्री बॅगेला साखळी व कुलूप लावून, किल्ली कोणाकडे आहे यावर चर्चा होईल.

चाणक्यपुरीच्या बागेत प्रत्यक्ष हलणारी गोष्ट म्हणजे मुलांसाठीची छोटी गाडी. ती आवारात एक वळसा घेऊन निघाल्या ठिकाणीच परत येते, त्यामुळे तिच्यात सामान नेण्याचे कारण नाही, आणि तरीही पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि एक घडीची छत्री हे सारे बाहेर बसलेल्या आजोबांपाशी न ठेवता मांडीवर घेऊनच लोक चढतात; न जाणो, वाटेत लागले तर. गाडी फलाटाला लागण्यापूर्वी रुमाल टाकून जागा धरल्या जातात, मागून आलेला ‘येथे कोणी बसले आहे का’ असे विचारून उत्तराआधी बसतो, आणि ज्या डब्याला बाजूच्या भिंतीच नाहीत त्यात खिडकीची जागा कोणाची यावरून दोन भावंडांत भांडण जुंपते, जे गार्डची शिट्टी झाली तरी मिटत नाही.